जनरल वेसेलहाइमचे तीन आठवडे

६ जानेवारी, सोमवार

शेषराव देवतळे काकांनी आज ही वही दिली. म्हणाले, "माझं पुस्तक स्वच्छ अक्षरात उतरवायचं आहे ना तुला? मग रोज आधी स्वतःच्या चार ओळी लिहीत जा. हात सैल होतो." म्हणून लिहीत आहे. ही वही कोणी वाचू नये. पत्र्याच्या पेटीत स्वेटरखाली ठेवणार.

काका पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दुर्गजवळ बोरसीत आमच्या मागच्या गल्लीत एकटे राहतात. हात इतका थरथरतो की चहाचा कप बशीत वाजत राहतो. त्यांनी एका जर्मन सेनापतीचे चरित्र लिहिले आहे, जनरल आल्ब्रेख्ट वेसेलहाइम यांचे. १९६७ साली काका सहा महिने प्रशिक्षणासाठी जर्मनीत होते, तेव्हा या निवृत्त जनरलच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. नागपूरचा एक जण पुस्तक छापायला तयार आहे, पण त्याला काकांचे अक्षर लागत नाही. माझे अक्षर काकांनी मराठी मंडळाच्या फळ्यावर पाहिले होते.

मी नववीपर्यंत तुमसरला मामाकडे राहून मराठी शाळेत शिकलो. इकडे परत आल्यावर हिंदीतून दहावी दोनदा दिली, दोनदा राहिली. पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. दहावीचे काकांना सांगितलेले नाही. त्यांनी विचारले असते तर सांगितले असते. एवढे मोठे काम माझ्या हातून बिघडले तर, या विचाराने जेवण गेले नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळची बस चुकता चुकता मिळाली. पावणेआठला जामुलच्या यार्डात पोचलो.

आमच्या यार्डात टँकर धुतात. डांबर, तेल, रसायने वाहून आलेले टँकर येतात. वरच्या गोल तोंडातून माणूस आत उतरतो आणि तळाचा गाळ खरवडून बादलीने वर देतो. तो उतरण्याआधी आतली हवा मीटरने मोजायची, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा आणि त्याला परवान्याची चिठ्ठी द्यायची. रजिस्टर आणि चिठ्ठी ही माझी कामे. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर कोणालाही उतरवू नये, असे रजिस्टरच्या पहिल्या पानावर छापले आहे. ते मला पाठ आहे.

मीटर दिवाळीत बिघडले. कपाटात ठेवले आहे. नवे येणार आहे.

आज सहा टँकर होते. सव्वाआठपर्यंत सहाही ओळी भरल्या: २०.८, २०.७, २०.९, २०.८, २०.६, २०.७. एकच आकडा लागोपाठ आला तर बरे दिसत नाही. मजूर साडेआठला येतात, तोवर चिठ्ठ्याही तयार असतात. आमचे सुपरवायझर भैय्याजी पान पाहून म्हणाले, "वा बे पीयूष, छापल्यावानी लिवतो तू. असा रजिस्टर पूर्‍या जामुलमंदी नसन." दिवसभर बरे वाटले.

घरी आल्यावर दाराचे कुलूप तीनदा पाहिले. माझी लहान बहीण गीतांजली म्हणाली, "दादा, एक दिवस कुलूपच तुले हात जोडन, का बाबा, सोड आता मले."

१२ जानेवारी, रविवार

तीन प्रकरणे उतरवली. जनरलचा जन्म १८९३चा, वडील शाळामास्तर. बाराव्या वर्षी लष्करी शाळेत घातले. पहिल्या महायुद्धात गुडघ्यात गोळी लागली, तेव्हापासून लंगडत. जर्मनी हरल्यावर सैन्य लहान केले आणि बहुतेक अधिकाऱ्यांना घरी पाठवले, पण यांना ठेवले. कारण नकाशे आणि वेळापत्रके यांच्यासारखी कोणी करत नसे. कोणती पलटण, कोणत्या गाडीने, किती वाजता, हे सगळे पट्टीने आखलेल्या तक्त्यात. त्या तक्त्यांच्या जोरावर दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते जनरल झाले.

काकांनी एक वाक्य लिहिले आहे: "समोर आलेला कागद दोनदा वाचल्याशिवाय त्यांनी कधीही सही केली नाही." हे उतरवताना फार बरे वाटले. मीही दोनदा वाचतो.

काका आज खुशीत होते. "मी चोवीस वर्षांचा पोरगा, थंडीनं मरत होतो. म्हातारा रोज सकाळी माझ्या दाराशी गरम पाण्याचं भांडं ठेवून जायचा. सहा दहाला. सहा नऊ नाही की सहा अकरा नाही. सख्ख्या बापानं केलं नाही तेवढं त्यानं केलं माझं."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईने डब्यात तिळाचे लाडू दिले. दोन चिंधूदादाला दिले. तो गोंदियाकडचा, पन्नाशीचा, टँकरमध्ये उतरणाऱ्यांत सगळ्यात जुना. तो आत असला की मी वर तोंडाशी बसून दर दोन मिनिटांनी हाक मारतो आणि त्याने आतून ओ द्यायची. टँकरमधून आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मला तो आवडत नाही.

मी दिलेली चिठ्ठी तो कपाळाला लावतो, चौघडी करून शर्टाच्या खिशात घालतो आणि मग उतरतो. आज विचारले, "दादा, तुम्हाला वाचता येत नाही, मग एवढी जपून कशाला ठेवता?"

तो म्हणाला, "तुह्या अक्षराकडं पायलं का समजते ना मले. ज्याचं अक्षर इतकं नीट, त्यानं हवा बी नीटच मोजली असन. आमच्या पयले येतो तू, सारं करून ठेवतो. तुही चिठ्ठी खिशात असली का मले भेव नाही लागत." मग लाडू तोंडात टाकून म्हणाला, "अन् आता गोड बी बोल. नुसता 'चिंधूदादा, चिंधूदादा' बोंबलत रायतो वरून."

सगळे हसले. मीही हसलो. माझा लाडू अर्धाच खाऊन डब्यात ठेवला. तीळ जास्त भाजले असावेत.

१९ जानेवारी, रविवार

सातव्या प्रकरणाशी अडलो.

१९४१चा सप्टेंबर. जनरलचे सैन्य रशियात एका नदीकाठच्या गावी पोचले. काकांनी लिहिले आहे: "येथे जनरलचा मुक्काम तीन आठवडे होता." आणि लगेच पुढची ओळ: "ऑक्टोबरात चिखल सुरू झाला."

बाकी सगळ्या पुस्तकात दिवसागणिक नोंद आहे. कोणत्या दिवशी घोडा आजारी पडला तेसुद्धा. आणि या तीन आठवड्यांना एकच ओळ. एखादे पान पडले असेल म्हणून सगळी फाईल दोनदा चाळली. पानांचे आकडे बरोबर आहेत. समासात पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह केले. मग भीती वाटली आणि खोडले. खोडल्याचा डाग राहिला.

२१ जानेवारी, मंगळवार

आज एका टँकरच्या तोंडाशी वाकून आत पाहिले. गोडसर वास आला आणि डोळ्यांपुढे काळे झाले. दोन मिनिटे शिडी धरून बसलो. चिंधूदादा त्याच टँकरमध्ये उतरला आणि धड बाहेर आला. म्हणजे मीच अशक्त असेन.

तरी भैय्याजींना विचारले, "मीटर कधी येणार?"

"येईन ना. टेन्शन कावून घेऊन राहिला बे? आठ साल झाले मले इथं. झालं का कोनाले काही?"

"पण आकडे तर आपण..."

"आकडे लिव तू. तुले कोन आत उतर म्हणून राहिलं?" मग खांद्यावर हात ठेवला. "तुहा बाप रेल्वेत होता ना? गाडी आली का हिरवी झेंडी. तो काय दरवेळी वाकून रूळ मोजत बसे?"

बाबा रेल्वेच्या गँगमध्ये होते. ते रोज वाकून रूळच तपासत. ऊन असो की पाऊस, हातोडी घेऊन मैलोन् मैल. हे मी भैय्याजींना सांगितले नाही.

पाच ओळी भरल्या. आज हात जरा जड होता, पण अक्षर बिघडले नाही.

२६ जानेवारी, रविवार

काकांना विचारले. सहज विचारल्यासारखे विचारायचे असे घरून ठरवून गेलो होतो. "काका, त्या तीन आठवड्यांत ते काय करत होते?"

कप वाजायचा थांबला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

"तू मुद्रणप्रत करतो की चौकशी करून राहिला?"

"नाही काका, पान राहिलं की काय म्हणून..."

"पान राहिलं नाही. जे आहे ते उतरव."

मी चप्पल घालत होतो तेव्हा मागून म्हणाले, "तुला कोणी काही सांगितलं का त्याच्याबद्दल?" मी नाही म्हणालो. रस्ताभर वाटत होते की माझ्याकडून काहीतरी मोठे बिघडले आहे. एवढ्या चांगल्या माणसाविषयी मी कसला संशय घेतला, तेही कळत नाही. गरम पाणी ठेवणारा माणूस.

३० जानेवारी, गुरुवार

चिंधूदादा दवाखान्यात आहे.

चौथा टँकर. मी २०.७ लिहिले होते. हाक मारली, ओ आली. दुसरी मारली, ओ आली. तिसरीला नाही. मला वाटले, थट्टा करतो आहे. पुन्हा मारली. मग ओरडलो.

पट्ट्याला दोर होता म्हणून चौघांनी वर ओढला. ओठ निळे होते, तोंडाला फेस. श्वास आहे, असे कोणीतरी म्हणाले. गाडीत घातले तेव्हा शर्टाच्या खिशातून चिठ्ठीचे टोक दिसत होते.

३१ जानेवारी, शुक्रवार

भैय्याजींनी ऑफिसात बोलावून दार लावून घेतले. टेबलावर नवे, कोरे रजिस्टर होते.

"हे घरी ने. सोबत जुनं बी ने. जानेवारी पूर्ण उतरव, जसंच्या तसं. फक्त कालच्या चौथ्या टँकरपुढं लिव, 'परवाना दिला नाही.' बस. सोमवारी सकाळी मले पायजे. मंगळवारी कारखाना निरीक्षक येऊन राहिले."

मी म्हणालो, "पण परवाना दिला होता."

"कोनाजवळ हाय तो? चिंध्याच्या खिशात. दवाखान्यानं कपडे त्याच्या बायकोजवळ देल्ले. तुह्यावर भरोसा हाय तिचा. जा, पायून ये त्याले, अन् चिठ्ठी घेऊन ये."

"मग दादा आपल्या मनाने उतरला, असं होईल."

"होईन. मंग कंपनीची जबाबदारी रायत नाही." ते माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. "पीयूष, ते आकडे कोनाच्या अक्षरात हायत? माह्या नाही. पूर्‍या रजिस्टरमंदी माहा एक टिंब नाही. पोलीस आले तं कोनाले नेतीन, विचार कर. घरी जवान बहीण हाय तुही."

दोन्ही रजिस्टरे पिशवीत घालून आणली. बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि सगळे माझ्याकडे पाहत आहेत असे वाटत होते.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुर्गला दवाखान्यात गेलो. चिंधूदादाला मशीन लावले आहे. काचेतून पाहू देतात. छाती मशीनच्या तालावर वरखाली होते, त्याच्या स्वतःच्या तालावर नाही.

त्याची बायको अंजनाबाई बाहेर फरशीवर बसली होती. मला पाहून उठली. मी काही मागायच्या आधीच तिने कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली.

"हे तुमचीच ना, पीयूषभाऊ? डाक्टर विचारून राहिले, टँकरमंदी काय होतं म्हून. मी म्हटलं, लिवलं असन ह्याच्यात. पर तो म्हणे, इथं नुसता आकडा हाय, अन् आकडा तं बेस हाय. मंग माणूस कसा पडला? तुमी सांगा ना त्याले."

मी म्हणालो, "मी विचारून सांगतो."

"अन् हे तुमच्याचजवळ ठेवा. माह्या हातून हरपून जाईन."

मी चिठ्ठी घेतली. तिने मला पाणी आणून दिले. डॉक्टरांकडे न जाता मी परत आलो.

संध्याकाळी नऊ जानेवारीपर्यंतची पाने नव्या रजिस्टरमध्ये उतरवली. अक्षर चांगले आले. माझ्याच हाताचा राग आला.

२ फेब्रुवारी, रविवार

काकांची फाईल परत करायला गेलो. म्हणालो, माझ्याने होणार नाही. चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती. घरी ठेवायची भीती वाटत होती.

काका बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुझा हात कधीपासून थरथरायला लागला?"

मी हात मांडीखाली घेतले. त्यांनी सातवे प्रकरण काढले आणि खोडलेल्या प्रश्नचिन्हाच्या डागावर बोट ठेवले.

"एका रविवारी म्हाताऱ्यानं टेबलाचा खण उघडून मला एक कागद दाखवला. कार्बनची प्रत. त्या गावातले ज्यू लोक, म्हणजे बायका, पोरं, म्हातारे, सगळे गावाबाहेरच्या नाल्यावर न्यायचे होते. गोळ्या घालणारे वेगळे होते. याच्याकडं फक्त ट्रक मागितले होते. किती ट्रक, कोणत्या रस्त्यानं, किती वाजता. यानं तक्ता करून दिला. पट्टीनं आखलेला. खाली सही. असे तीन आठवडे."

"ते काय म्हणाले तुम्हाला?"

"म्हणाला, मी कोणावर बंदूक उचलली नाही. आणि म्हणाला, एकही ट्रक उशिरा पोचला नाही."

"आणि तुम्ही?"

"मी कागद पाहिला. म्हटलं, तक्ता फार नीट आहे." काकांचे तोंड वाकडे झाले. "हेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सहा दहाला गरम पाणी आलं. मी त्यानं तोंड धुतलं."

"तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं ना काका?"

"कळलं होतं."

गल्लीत कोणाच्या तरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मी दचकलो. मग मी सगळे सांगितले. मीटर, आकडे, चिठ्ठी कपाळाला लावणे, कोरे रजिस्टर. सांगताना एकदाही वर पाहिले नाही. मला वाटले होते, ते म्हणतील, तू लहान आहेस, तुझा दोष नाही. ते तसे म्हणाले नाहीत.

म्हणाले, "बस. लिही." आणि तीन आठवडे सांगू लागले. गावाचे नाव, ट्रकांची संख्या, वेळा. अठ्ठावन्न वर्षांनंतर त्यांना तो तक्ता ओळीनुसार आठवत होता. शेवटी म्हणाले, "आता लिही, हा कागद प्रस्तुत लेखकाने डोळ्यांनी पाहिला, तेव्हा तो काही बोलला नाही."

मी म्हणालो, "तुम्ही बोलला होता. तक्ता नीट आहे म्हणून."

"मग तेच लिही."

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहिता आले नाही. आज निघण्याआधी लिहितो आहे.

काल कामावर गेलो नाही. सकाळी घरात सगळे सांगितले. आई देवापुढे जाऊन बसली. बाबांनी त्यांची जुनी पिशवी काढून दिली, मोठे रजिस्टर मावेल अशी. गीतांजलीने रजिस्टरच्या आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे मोबाईलवर फोटो काढले आणि माझ्यासोबत दवाखान्यात आली. आदल्या रात्री कुलूप तिने लावले होते. मी एकदाही पाहिले नाही, हे बसमध्ये लक्षात आले.

डॉक्टरांना सांगितले: चौथ्या टँकरमधून कोणते रसायन आले होते ते, त्याचे नाव मला चालानावरून माहीत होते. आत किती वेळ होता ते. आणि आकडा खोटा आहे, मोजलेला नाही, हे. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "ये बात आपको पहले बतानी थी." मग भराभर काहीतरी लिहून नर्सला दिले. शनिवारी मी तिथे होतो. पाणी पिऊन परत आलो होतो.

अंजनाबाईला फरशीवर तिच्यासमोर बसून सांगितले. चिठ्ठी परत दिली. तिला आधी कळले नाही. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा कळले. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. चिठ्ठी उलटसुलट करून पाहत राहिली.

"मंग तो रोज कपायाले कावून लावे?" ती म्हणाली.

गीतांजलीने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला हात मागे घेतला.

भैय्याजींचे काल अकरा फोन आले. संध्याकाळी त्यांची मोटारसायकल गल्लीत दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी दारापुढे थांबली, हॉर्न वाजत राहिला. आई म्हणाली, "उघडू नको." बाबा उठून दारात जाऊन उभे राहिले, हातात काही नव्हते. थोड्या वेळाने मोटारसायकल गेली. ती पुन्हा येणार, हे मला माहीत आहे.

चिंधूदादाचे मशीन अजून काढलेले नाही.

आता निघायचे आहे. निरीक्षक अकराला येणार. जुने रजिस्टर बाबांच्या पिशवीत आहे. काका रिक्षा घेऊन दारात येऊन बसले आहेत, त्यांना नको म्हणालो तरी येणार म्हणतात. सोबत द्यायचा कागद मी सकाळी लिहिला:

"मीटर दिवाळीपासून बंद आहे. या रजिस्टरमधील दिवाळीनंतरचा एकही आकडा मोजलेला नाही. ते सर्व मी मनाने लिहिले. चिंधू यांना ३० जानेवारीचा परवाना मी दिला होता."

खाली माझी सही, आणि काकांची साक्षीदार म्हणून. त्यांची सही कागदाबाहेर गेली. माझा हात पहिल्या ओळीपासून हलत होता. 'मोजलेला' हा शब्द दोनदा खोडावा लागला, आणि शेवटच्या ओळीवर घामाचा डाग पडला.

दुसरा कागद जवळच होता. पुन्हा उतरवले नाही.